सहस्रकुंडावर हसलेली बाई

रुपालीला हसायला फार काही लागायचं नाही. महागाव तालुक्यातल्या त्या गावात ती सून म्हणून आली, तेव्हा कापूस वेचणीच्या बायांनी पहिल्याच हंगामात ओळखलं की ही पोरगी दबून राहणारी नाही. पऱ्हाटीच्या तासात, कपाशीच्या दोन ओळींमध्ये, वाकलेली असली तरी कोणी काही बोललं की खळखळून हसायची. मग बायांची टोळी घेऊन जाणारी कांताबाई दुरून ओरडायची, "रुपे, तोंड कमी चालव, हात चालव!" आणि ओरडता ओरडता स्वतःच हसायची.

माहेर मुकुटबनकडचं, जंगलाच्या कडेचं. बाप जंगलाच्या कामावर, आई लोकांच्या वावरात. शाळेची सहल एकदा कुठंशी गेली होती, त्या दिवशी रुपाली धाकट्या भावाला सांभाळत घरी बसली. पुढं लग्न झालं आणि जिल्ह्याच्या त्या टोकाहून ती या टोकाला आली. इथंही जाणंयेणं ठरलेलं. कामाला, दवाखान्यात, कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मातीला. धम्मचक्र दिनाला एकदा ट्रकात बसून सगळे नागपूरला जाऊन आले होते, तेवढंच. नुसतं बघायला म्हणून माणसं घर सोडतात, डबा बांधून डोंगरात जातात आणि संध्याकाळी परत येतात, हे तिनं ऐकलं होतं. आपलं त्याच्याशी काही नातं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

नवरा अतुल तिच्या उलटा, अबोल. सासरा उकंडा विहारात वंदना सांगणारा, शब्दाला जपणारा माणूस. सासू मथुराबाई तोंडानं फटकळ, पण सुनेवर जीव टाकणारी. पोटाला एक लेक, पायल. घरची शेती नव्हती. अतुल निंदणापासून फवारणीपर्यंत मिळेल ते काम करायचा.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. अळी काही केल्या हटत नव्हती. ज्याचं त्याचं वावर औषधाच्या वासानं भरलेलं. अतुल आणि तांड्यावरचा किसनसिंग, दोघं गावातल्याच घनश्यामभाऊंच्या वावरात पंप घेऊन फवारत होते. झाडं उंच, त्यामुळे नळी वर धरून मारावं लागायचं आणि मारलेलं सगळं परत तोंडावर, छातीवर गळायचं. तोंडाला दुपट्टा बांधलेला, तोही औषधानं ओला. घनश्यामभाऊंनी दोन औषधं एकत्र केली होती. एकानं अळी मरत नव्हती म्हणून.

त्या संध्याकाळी अतुल घरी आला तो भिंत धरून. "डोळ्यापुढं अंधार आला वं," एवढंच म्हणाला आणि ओसरीतच ओकला. पायल जवळ गेली तर तिच्याकडं बघून म्हणाला, "हे कोणाची पोट्टी?"

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्याला खाटेला बांधून ठेवावं लागलं. तो हातपाय झाडायचा, मध्येच हवेत नळी धरल्यासारखा हात फिरवायचा. शेजारच्या खाटांवरही तशीच माणसं. किसनसिंगही तिथंच होता. तो वाचला, पण एका डोळ्यानं त्याला नीट दिसेना झालं. अतुल आठवडा उलटायच्या आत गेला.

दवाखान्यातच रुपालीला सुरभी भेटली. यवतमाळच्या काही बायकांचं एक मंडळ होतं, त्यातली ती सगळ्यांत लहान. रुग्णांच्या घरच्यांसाठी रोज डबे घेऊन यायची. अतुल गेला त्या दुपारी तीच रुपालीजवळ बसून होती. गाडीची सोय तिनंच केली.

सरकारी मदत आली ती दवाखान्याच्या देण्यात गेली. पुढं पोलीस ठाण्यात जबाब झाले. किसनसिंगनं सांगितलं, तोंडाला लावायला, हाताला घालायला मालकानं काही दिलं नव्हतं, दोन औषधं मिसळली होती, आणि दोघांना मळमळ व्हायला लागल्यावरही उरलेलं वावर संपवायला लावलं. रुपालीनं तिला माहीत होतं ते सांगितलं. घनश्यामभाऊ गावात म्हणत राहिले, "पिऊन फवारे तो. मी काय करू?" अतुल दारूला शिवत नव्हता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तेव्हा लोक रुपालीच्या बाजूनं होते. कांताबाईची टोळी तर तिच्याशिवाय वावरात पाय ठेवायची नाही.

रुपाली रडायची तेवढी रडली आणि मग गप्प झाली. कामाला जायची, यायची, चूल पेटवायची. कोणी बोललं तर मान हलवायची. पायलही आईसारखी होत चालली. शाळेतून आली की दप्तर ठेवून कोपऱ्यात बसायची. मथुराबाईला ते बघवेना.

पुढच्या श्रावणात सुरभीचा फोन आला. त्यांच्या मंडळाच्या बायका दर पावसाळ्यात रविवारी कुठं ना कुठं जायच्या. यवतमाळला चारी अंगांनी डोंगर. गाव सोडलं की घाट, तळी, जंगलातली देवळं, सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. यंदा मंडळानं ठरवलं होतं की फवारणीत ज्यांची माणसं गेली त्या बायांना सोबत न्यायचं. यवतमाळहून गाडी निघेल, आर्णी, महागाव करत बायांना घेत सहस्रकुंडाला जाईल. धबधबा बघायचा, जेवायचं, परत.

"मी नाई येत," रुपाली म्हणाली.

मथुराबाईनं तिच्या हातातून फोन घेतला. "येते ते. मी धाडतो. पोट्टीले मी सांभाळतो."

उकंडा खाटेवरून उठून बसला. "काहून धाडतं? वर्ष नाई झालं अजून. लोक काय म्हणतीन?"

"लोकायनं कोणता घास घातला आपल्याले?" मथुराबाई म्हणाली. "ते पोरगी आतल्या आत सडून राह्यली, ते नाई दिसत तुमाले? एक दिवस जाऊ द्या. मोकळी होऊन येईन."

उकंडा पुन्हा खाटेवर आडवा झाला. जायच्या दिवशी सकाळी मथुराबाईनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि सुनेला फाट्यापर्यंत पोचवायला स्वतः गेली.

गाडीत यवतमाळच्या बायका पुढं आणि खेड्यांतल्या मागं, अशा आपोआप बसल्या. सुरभी उठून मागं आली. कोणी गाणं म्हणा म्हणाली, कोणी म्हटलं नाही. उमरखेड गेलं, ढाणकी गेली आणि दोन्ही अंगांना सागाचं जंगल सुरू झालं. रुपालीच्या शेजारी दिग्रसकडच्या तांड्यावरची मानीबाई होती, चांगली अंगानं भरलेली, पन्नाशीची. तिचा लेक गेला होता. ती बाहेर बघत म्हणाली, "आपल्याले कायले आणलं वं यायनं? पाणी पाह्याले? पाणी काय घरी नाई?"

गाडी थांबली तेव्हा आवाज आधी ऐकू आला. मग दिसलं. पैनगंगा काळ्या खडकांच्या कड्यावरून शेकडो ठिकाणी फुटून खाली पडत होती आणि खालून पांढरा धूर वर उठत होता. वारा धबधब्याकडून येत होता. बाया पुढं गेल्या तसा तो धूर त्यांच्या अंगावर आला. बारीक, गार, तोंडावर, पापण्यांवर, ओठांवर.

रुपाली जागीच थिजली. पदर नाकाशी धरून तिनं डोळे गच्च मिटले. तिला पुढचं ठाऊक होतं. आता वास येईल, मग घसा जळेल, मग डोळ्यांपुढं अंधार. ती थांबली. वास येईना. तिनं पदर थोडा खाली केला. ओल्या खडकाचा वास होता, शेवाळाचा होता. नुसतं पाणी होतं ते. ती तोंड वर करून उभी राहिली आणि पाणी अंगावर येऊ दिलं.

तेवढ्यात मानीबाई, "मले काई होत नाई, सरका," म्हणत खडकावरून पुढं निघाली, घसरली आणि डबक्यात फतकल मारून बसली. लागलं नव्हतं. कंबरेपर्यंत पाण्यात बसून ती मोठ्यानं म्हणाली, "बसली बाप्पा म्हैस!"

रुपालीला हसू फुटलं. ती मानीबाईला उठवायला गेली तर मानीबाईनं तिलाच खाली ओढलं. दोघी डबक्यात बसून हसत राहिल्या. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या, त्याही हसायला लागल्या. सुरभीनं मोबाइल वर धरला. रुपाली हातानं पाणी उडवत होती, केस सुटले होते, मान मागं टाकून हसत होती.

त्यानंतर काय झालं ते मोबाइलमध्ये आलं नाही. हसता हसता रुपालीचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली. अतुल गेल्यावर रडली नव्हती अशी, गुरासारखी. मानीबाईनं तिचं डोकं ओल्या मांडीवर घेतलं आणि तीही रडली. सुरभीनं तेव्हा मोबाइल खिशात ठेवला होता. रडणाऱ्या बाईचं चित्रण करू नये एवढं तिला कळत होतं.

संध्याकाळी रुपाली घरी आली. मथुराबाईनं विचारलं, "पाह्यलं का पाणी?" आणि रुपाली बोलायला लागली. खडक केवढे, धूर कसा उठतो, मानीबाई कशी पडली. पायल तिच्या मांडीत येऊन बसली आणि "मंग?" "मंग?" करत राहिली. उकंडा भिंतीकडं तोंड करून पडला होता, पण ऐकत होता. बऱ्याच महिन्यांनी त्या घरात बोलल्याचा आवाज झाला.

तो व्हिडिओ सुरभीनं त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, दुःखावर मात करणाऱ्या आमच्या मैत्रिणी. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिथून तो कोणी पुढं पाठवला, कोणी आणखी पुढं, आणि दुसऱ्या दिवशी गावच्या पानठेल्यावर पोरं तो बघत होती. वरची ओळ गळून पडली होती. तिच्या जागी कोणीतरी लिहिलं होतं, नवरा मेला, मदत आली, मॅडम पिकनिकला.

रुपालीला ते हापशीवर कळलं. ती गेली तशा बाया बाजूला सरल्या. एकीनं विचारलं, "कसं होतं वं पाणी? लय गार होतं का?" दुसरीनं तोंड फिरवलं.

मथुराबाई मागून आली. तिनं हंडा खाली आपटला. "म्या धाडली तिले. जे बोलाचं ते मले बोला."

बाया आपापले हंडे भरायला लागल्या. समोर बोलायचं नसतंच अशा वेळी.

घनश्यामभाऊंनी मात्र चौकात, चार माणसांत, मोबाइल काढून दाखवला. त्यांचीही गेल्या साली अळीनं वाट लागली होती. वर ठाण्याच्या खेपा. ते म्हणाले, "पाहा, डोळ्यानं पाहा. माह्यावर केस टाकून हे बाई नाचून राह्यली. आन् मी रोज मान खाली घालून फिरतो. दुःख कोणाले हाय, तुमीच सांगा." माणसं बघत होती. त्यांतला एक जण मागच्या वर्षी अतुलला खांदा देणारा होता. त्यानं घनश्यामभाऊंच्या हातातून मोबाइल घेतला आणि पुन्हा एकदा लावून बघितला.

उकंडानं विहारात जाणं सोडलं. कोणी त्याला अडवलं नव्हतं, पण वंदना सांगायला उभं राहिलं की मागच्या पोरांच्या हातातला मोबाइल दिसायचा. घरी तो सुनेला काही म्हणाला नाही. फक्त तिनं ताट ठेवलं की मथुराबाईला सांगायचा, "पाणी तू दे."

रुपालीनं सुरभीला फोन केला. सुरभी फोनवर रडली. तिनं व्हिडिओ काढून टाकला होता. "मी गावात येऊन सांगते सगळ्यांना, रुपालीताई. तुम्ही नंतर किती रडल्या ते मी सांगते."

"नोका येऊ," रुपाली म्हणाली. "रडली म्हून पुरावा देऊ का मी आता?"

वेचणी सुरू झाली. कांताबाईची टोळी सकाळी निघाली आणि रुपालीच्या दारावरून कोणी हाक मारली नाही. ती स्वतःच कापूस वेचायची ओटी बांधून नाक्यावर गेली. कांताबाईनं तिला बाजूला घेतलं. तिचे डोळे भरलेले होते, पण ती बोलली ते स्पष्ट.

"घनश्यामभाऊ म्हणते, ते असली तं माह्या वावरात टोळी नाई. त्याईच्या भावकीचे वावरं तसेच. मी चाळीस बायाईचं पोट कसं मारू, रुपे?"

"मी काय केलं, मावशी?"

"काई नाई केलं माय. हासली तू."

रुपाली ऑटोनं दुसऱ्या गावी वेचायला जायला लागली. तिथं कोणी ओळखणार नाही असं तिला वाटलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी कापूस मोजताना मालकाचा पुतण्या तिच्याकडं निरखून बघत म्हणाला, "तुमी त्या धबधब्यावाल्या ना?" आणि दात काढले. ती त्या गावाला परत गेली नाही.

थंडीत ठाण्यातून निरोप आला. किसनसिंगनं जबाब फिरवला होता. त्याला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. मालकानं काय दिलं, काय नाही, त्याला सांगता येत नव्हतं.

रुपाली तांड्यावर गेली. किसनसिंग अंगणात उन्हाला बसला होता, बऱ्या डोळ्यानं तिच्याकडं वळून बघत. त्यानं बायकोला पाणी आणायला सांगितलं. बायको आत गेली ती आलीच नाही.

"काहून फिरले किसनभाऊ? तुमी त्याईच्या सोबत होते. तुमाले सगळं मालूम हाय."

"मालूम हाय वहिनी."

"मंग?"

किसनसिंग जमिनीवर काडीनं रेघा मारायला लागला. "या डोळ्यानं मले फवाराले कोनी बोलवत नाई. घनश्यामभाऊ वावर राखाले जागल्या म्हून ठेवतो म्हणे. मी नाई म्हणत होतो. आईची आन, नाईच म्हणत होतो." त्यानं काडी मोडली. "मंग तो विडिओ आला. माही बायको म्हणे, ज्याईचं माणूस मेलं ते हासून राह्यले, तू कायले मरतं?"

रुपाली उभी होती ती तशीच वळली. तांड्याच्या उतारावरून येताना तिला मानीबाईची आठवण झाली. तिच्याही तांड्यावर असंच झालं असेल का, हे विचारायला तिच्याकडं मानीबाईचा नंबर नव्हता.

त्यानंतर ठाण्यातून कोणी बोलावलं नाही. सुरभीचे फोन येत होते, मग सणावाराला यायला लागले. एकदा तिनं यवतमाळला एका घरी स्वयंपाकाचं काम आहे म्हणून सांगितलं. रुपालीनं विचार केला. पण मथुराबाईला त्या उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका आला होता. डावा हात उचलत नव्हता, बोलणं जड झालं होतं. एवढी फटकळ बाई, आता एकेका शब्दासाठी ओठ वाकडे करून धडपडायची. एकदा रुपाली तिला भरवत असताना ती म्हणाली, "म्या... धाडली... तुले." तिला पुढं काहीतरी म्हणायचं होतं. रुपालीनं घास तिच्या तोंडात दिला आणि म्हणाली, "खा आत्याबाई. चांगलं होतं तिथं." ते खरं होतं.

पुढचा पावसाळा आला. पऱ्हाटी पुन्हा उभी राहिली आणि फवारायला माणसं मिळेनात. ज्यांनी दवाखान्यातल्या खाटा बघितल्या होत्या, ते पंपाला हात लावायला तयार नव्हते. एका सकाळी घनश्यामभाऊंच्या पत्नी विमलताई बौद्धपुऱ्यात आल्या. दारात उभ्या राहिल्या. आत मथुराबाई पडली होती तिकडं त्यांनी बघितलं नाही.

"रुपाली, झालं गेलं आता," त्या म्हणाल्या. "उकंडाबुवा येतो म्हणाले फवाराले. तू पाणी भराले येजो. पुढं वेचाले बी येजो, कांताले मी सांगतो."

रुपालीनं सासऱ्याकडं बघितलं. तो चपला शोधत होता. "मामाजी, तुमी?"

"घरात दाना नाई," उकंडा म्हणाला. कित्येक महिन्यांत तो तिच्याशी सरळ बोललेला हा पहिला शब्द. "आन् मी म्हातारा. माह्यं काय व्हायचं उरलं?"

विमलताईंनी पिशवीतून तोंडाचा मास्क आणि रबराचे हातमोजे काढून उंबऱ्यावर ठेवले. "यंदा आमी हे आणलं," त्या म्हणाल्या. रुपालीनं ते उचलले.

घनश्यामभाऊंचं वावर दोन सालं झाली तिनं बघितलं नव्हतं. झाडं यंदा छातीएवढी. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पाण्याचा ड्रम, औषधाच्या बाटल्या. ती विहिरीवरून बादल्या आणून ड्रम भरत होती. उकंडानं मास्क लावला, चार पावलं गेला, धाप लागली तसा खाली ओढला. रुपालीनं त्याचा दुपट्टा ओला करून, नाकावर घट्ट बांधून दिला. तो लहान पोरासारखा मान वाकवून उभा राहिला. मग पंप पाठीवर घेऊन तासात शिरला.

दुपारपर्यंत वारा एका अंगानं होता. मग तो फिरला. रुपाली बादली घेऊन येत होती, तिला आधी गालाला जाणवलं आणि मग दिसलं की पांढरा धूर उलटा वळून म्हाताऱ्याच्या तोंडावर चालला आहे. तिनं हाक मारली. पंपाच्या आवाजात त्याला ऐकू गेली नाही. तो नळी पुढं धरून त्या धुरातच चालत होता.

तिनं बादली टाकली आणि पऱ्हाटी तुडवत धावली. ओली पानं पोटऱ्यांना, हातांना लागत होती. तिनं मागून पंपाचा पट्टा धरला आणि त्याला जोरानं वळवलं. उकंडा लडखडला, नळी हातातून सुटली. दुपट्ट्याच्या वर त्याचे डोळे लाल झाले होते.

"वारा फिरला मामाजी!"

"मंग?"

"मंग इकून मारा. तिकून नाई."

 उकंडाला खोकला आला, तो त्यानं खोकून घेतला. दुपट्टा तिनं सोडला, धुऱ्यावर नेऊन पिळला, पुन्हा ओला केला आणि पुन्हा बांधला. दूर आंब्याखाली घनश्यामभाऊ उभे होते. त्यांनी तिला झाडं तुडवत जाताना बघितलं होतं.

उकंडानं नळी उचलली आणि तोंड फिरवून दुसऱ्या अंगानं सुरुवात केली. रुपाली सांडलेली बादली घेऊन विहिरीकडं गेली. अर्धं वावर अजून बाकी होतं.